किशोरवयात सायकल शर्यतीची सुरुवात कशी करावी

महाराष्ट्राला सायकल शर्यत नवी नाही. मुंबई–पुणे शर्यतीत बोरघाट सर्वांत आधी चढून जाणाऱ्याला 'घाटाचा राजा' म्हणतात, हे जुन्या पिढीला तोंडपाठ आहे. जानेवारी २०२६ मध्ये पुणे जिल्ह्यात झालेल्या पुणे ग्रँड टूरमुळे परदेशी संघांचे सायकलपटू आपल्याच रस्त्यांवरून सुसाट जाताना शाळकरी मुलांनाही पाहायला मिळाले. अशा वेळी घरातला एखादा चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा किंवा मुलगी 'मलाही शर्यतीत उतरायचे आहे' म्हणते आणि घरच्यांची पहिली चौकशी सायकलच्या किमतीची होते. माझे मत थोडे वेगळे आहे. या खेळाची सुरुवात दुकानात होत नाही. दुसऱ्याच्या मागच्या चाकापासून हातभर अंतर ठेवून, न बिचकता, सरळ रेषेत सायकल चालवता येणे हे पहिले कौशल्य आहे आणि नवख्या मुलांच्या शर्यती बहुतेक वेळा दमापेक्षा याच कौशल्याच्या अभावी लवकर संपतात. पुढील मार्गदर्शन तेरा ते अठरा वर्षांच्या मुलामुलींसाठी आहे. पालकांनीही ते सोबत बसून वाचावे.

आधी शर्यतीचे प्रकार समजून घ्यावेत. टाइम ट्रायलमध्ये स्पर्धक ठरावीक अंतराने, बहुधा एकेका मिनिटाने, एकटे सुटतात आणि कोणाच्याही मागे वाऱ्यापासून आडोसा घेऊन चालवण्यास मनाई असते. घड्याळ हाच प्रतिस्पर्धी. मास स्टार्टमध्ये सगळे एकत्र सुटतात आणि जो आधी रेषा ओलांडतो तो जिंकतो, त्यामुळे ताकदीइतकेच डोके लागते. क्रायटेरियम म्हणजे बंद केलेल्या छोट्या वळणदार मार्गावर अनेक फेऱ्या. ट्रॅकच्या शर्यती आतल्या बाजूला उतरत्या कडांच्या अंडाकृती धावपट्टीवर, म्हणजे वेलोड्रोमवर, ब्रेक नसलेल्या आणि मागचे चाक फिरत असेपर्यंत पेडलही फिरत राहणाऱ्या सायकलवर होतात. पुण्यातल्या बालेवाडीच्या क्रीडा संकुलात असा वेलोड्रोम आहे. डोंगराळ पायवाटांवरची माउंटन बायकिंगची वाट याहून निराळी. अनेक शहरांत लोकप्रिय असलेली २०० किलोमीटरची बीआरएम ही लांब पल्ल्याची राइड मात्र शर्यत नव्हे. तिच्यात वेळेच्या मर्यादेत अंतर पूर्ण करायचे असते, क्रमांक लागत नाही आणि वाढत्या वयात एवढ्या लांब पल्ल्याची घाईही नसते.

आपल्याला काय जमेल, हे पहिल्या वर्षी ठरवू नये. अंदमानच्या एसो आल्बेनने २०१८ मध्ये स्वित्झर्लंडमधील एगल येथे ज्युनिअर जागतिक ट्रॅक स्पर्धेत केरिन प्रकारात रौप्यपदक मिळवले आणि पुढच्याच वर्षी जर्मनीत त्याच्यासह भारतीय ज्युनिअर संघाने टीम स्प्रिंटचे सुवर्णपदक जिंकले. केरिन आणि टीम स्प्रिंट हे काही मिनिटांचे किंवा मिनिटाहूनही कमी वेळाचे, स्फोटक ताकदीचे प्रकार आहेत. केवळ रस्त्यावरच्या लांब शर्यतींवर भर दिला असता, तर अशा अंगच्या गुणाचा पत्ता लागणे कठीण होते. म्हणून संधी मिळेल तेव्हा एकदा तरी टाइम ट्रायल, एकदा मास स्टार्ट आणि जमल्यास ट्रॅक असे सगळे करून पाहावे.

स्पर्धेच्या वाटा दोन आहेत आणि त्या एकमेकींना पूरक आहेत. पहिली वाट शालेय क्रीडा स्पर्धांची. क्रीडा विभागाच्या या स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत जिल्हा, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात आणि तुमचे नाव शाळेमार्फतच जाते. शाळेत आजवर सायकलिंगचा संघ नसेल, तर जूनमध्येच क्रीडाशिक्षकांना भेटून 'आमच्या शाळेकडून माझी प्रवेशिका भरा' अशी लेखी विनंती करावी, कारण मुदत उलटून गेल्यावर कोणाचाच इलाज चालत नाही. दुसरी वाट संघटनेची. जिल्हा संघटना राज्य संघटनेशी आणि राज्य संघटना भारतीय सायकलिंग महासंघाशी संलग्न असते. जिल्ह्याची निवड चाचणी, मग राज्य स्पर्धा आणि तिथून राष्ट्रीय स्पर्धेसाठी राज्याचा संघ असा क्रम असतो. या वाटेवर गट १४, १६ आणि १८ वर्षांखालील असे आहेत. आंतरराष्ट्रीय नियमांत ज्युनिअर गटाचे वय जन्मतारखेवरून नव्हे, तर जन्मवर्षावरून मोजतात: ज्या वर्षात तुम्ही १७ किंवा १८ पूर्ण करता, त्या संपूर्ण वर्षात तुम्ही ज्युनिअर. त्यामुळे जानेवारीत जन्मलेल्या मुलाला आणि डिसेंबरात जन्मलेल्या मुलाला एकाच गटात उतरावे लागते. डिसेंबरातल्या मुलाने पहिल्या वर्षी मागे पडल्याचे फार मनाला लावून घेऊ नये.

जन्मदाखला, आधार कार्ड, शाळेचे बोनाफाईड प्रमाणपत्र, डॉक्टरांचे तंदुरुस्तीचे प्रमाणपत्र, पालकांचे संमतिपत्र आणि पासपोर्ट आकाराची छायाचित्रे एका फाइलमध्ये कायम तयार ठेवावीत. जन्मदाखल्यावरील आणि शाळेच्या नोंदीतील नावात एखाद्या अक्षराचा फरक असला, तरी नोंदणीच्या टेबलावर अडवणूक होऊ शकते. तो फरक शांतपणे आधीच दुरुस्त करून घ्यावा. प्रत्येक स्पर्धेचे परिपत्रक पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचावे, कारण अंतर, वयाची कटऑफ तारीख, लहान गटांसाठी गिअरवर असलेली मर्यादा आणि कोणत्या प्रकारची सायकल चालेल हे सारे त्यातच असते.

सायकल आणि तिचे माप

शिकण्यासाठी महागडी सायकल लागत नाही. ॲल्युमिनियमची साधी, वळलेल्या हँडलची नवी रोड सायकल ढोबळमानाने तीस ते साठ हजार रुपयांत मिळते. वापरलेली त्याहून स्वस्तात मिळते, पण घेताना अनुभवी मेकॅनिकला सोबत न्यावे आणि फ्रेमच्या सांध्यांजवळ तडा आहे का, चेन कितपत झिजली आहे, रिम वाकडी आहे का, हे पाहून घ्यावे. वाढत्या वयाच्या मुलासाठी 'पुढे मोठा होईल' म्हणून दोन मापे मोठी फ्रेम घेणे ही सर्वांत महागात पडणारी काटकसर आहे. हँडल लांब पडले की मान आणि कंबर दुखू लागते, ब्रेकपर्यंत बोटे नीट पोहोचत नाहीत आणि घोळक्यात सायकल ताब्यात राहत नाही. कार्बन फ्रेम आणि खोल रिमच्या चाकांचा विचार दोन वर्षांनी केला तरी चालेल. तेच पैसे चांगले हेल्मेट, पॅड लावलेली सायकलिंगची चड्डी, दोन चांगले टायर आणि वर्षभराच्या प्रशिक्षणासाठी ठेवावेत.

सीटची उंची घरीच तपासता येते. भिंतीला टेकून सीटवर बसावे, टाच पेडलवर ठेवून पेडल अगदी खाली न्यावे. या स्थितीत गुडघा जेमतेम सरळ व्हायला हवा. मग पायाचा पंजा पेडलवर घेतला की गुडघ्यात योग्य तेवढा वाक राहतो. गुडघ्याची पुढची बाजू दुखत असेल, तर सीट बहुधा खाली आहे. मागची बाजू दुखत असेल, तर ती वर गेली आहे. उंची भराभर वाढण्याच्या वयात ही तपासणी दर दोन-तीन महिन्यांनी करावी. टायरमध्ये दगडासारखी हवा भरणे बंद करावे. पन्नास किलोच्या आसपास वजन असलेल्या मुलाला २५ मिलीमीटरच्या टायरमध्ये ७५ ते ८५ पीएसआय पुरते. त्याहून जास्त हवेने आपल्या खडबडीत रस्त्यांवर चाक उडते आणि वळणावर पकड सुटते.

ओळीत चालवणे

आता मुख्य गोष्ट. पुढच्या सायकलच्या मागे नीट आडोसा घेतला, तर सपाट रस्त्यावर साधारण चौथाई ते एक तृतीयांश श्रम वाचतात. मास स्टार्ट शर्यतीचे सारे डावपेच या एका गोष्टीभोवती फिरतात. जो मुलगा ३० किलोमीटरची शर्यत एकट्याने वाऱ्यात चालवतो, तो कितीही ताकदवान असला तरी शेवटच्या दोन किलोमीटरला त्याच्या मागे आरामात आलेली मुले त्याला सहज मागे टाकतात.

हे शिकण्याची पद्धत अशी. आधी एकट्याने रिकाम्या रस्त्यावरच्या पांढऱ्या पट्टीवरून चाक न हलू देता दोनशे मीटर जावे. मग एका हाताने तेच, मग मागे वळून पाहतानाही पट्टी न सोडता. त्यानंतर एका सोबत्याच्या मागे, सुरुवातीला एक सायकलभर अंतर ठेवून, विश्वास वाढेल तसे ते हातभरापर्यंत कमी करावे. नजर पुढच्याच्या मागच्या चाकावर खिळवू नये. त्याच्या खांद्यांवरून पलीकडचा रस्ता पाहावा, चाक आपोआप डोळ्यांच्या कडेत राहते. पुढचा माणूस मंदावला, तर खच्चकन ब्रेक न दाबता पेडल मारणे क्षणभर थांबवावे किंवा अंग थोडे उभे करून वारा अंगावर घ्यावा, कारण तुमचा एक झटक्याचा ब्रेक मागच्या दहा जणांना भोवतो.

पडण्याचे सर्वांत नेहमीचे कारण ओळखून ठेवायला हवे. तुमचे पुढचे चाक पुढच्या सायकलच्या मागच्या चाकाच्या बाजूला, चार बोटे का होईना, पुढे गेलेले असते. एवढ्यात पुढचा स्पर्धक खड्डा चुकवायला हातभर सरकतो. त्याचे मागचे चाक तुमच्या पुढच्या चाकाला घासते. त्याला फक्त किंचित धक्का जाणवतो आणि तो तसाच पुढे जातो; तुमचे हँडल मात्र वळते आणि क्षणार्धात तुम्ही रस्त्यावर असता. म्हणून चाकाला चाक लावून कधीही रेंगाळू नये: एकतर पूर्ण मागे राहावे, नाहीतर निर्णय घेऊन पूर्ण पुढे जावे. चाक घासलेच, तर घाबरून विरुद्ध दिशेला ओढण्याचा मोह होतो, तो आवरायला हवा. मऊ हिरवळीच्या मैदानावर, अगदी कमी वेगात, जुन्या सायकली घेऊन मुद्दाम खांद्याला खांदा आणि चाकाला चाक लावण्याचा सराव केला की अंग ही भीती विसरते. हा सराव चांगले प्रशिक्षक मुद्दाम करून घेतात आणि मुलांनाही तो मनापासून आवडतो.

पाळीपाळीने पुढे येण्याचीही एक शिस्त असते. पुढे येताच जोर लावून दाखवण्याची मुलांची फार हौस असते, आणि त्यानेच ओळ तुटते. पुढे आल्यावर वेग तोच ठेवावा, तीस-चाळीस सेकंद ओढावे, मग मागे नजर टाकून ठरलेल्या बाजूला सरकावे, वेग किंचित कमी करून ओळीच्या शेवटी यावे आणि शेवटच्या चाकाला लागताना दोन जोरदार पेडल मारून अंतर पडू देऊ नये. वारा बाजूने असेल, तर आडोसा सरळ मागे नसतो. डावीकडून वाहणाऱ्या वाऱ्यात तो पुढच्याच्या मागे पण थोडा उजवीकडे मिळतो. खड्डा, खडी, मागून येणारी गाडी दिसताच मोठ्याने ओरडून आणि हाताने दाखवून मागच्यांना सांगणे हे प्रत्येकाचे कर्तव्य आहे.

हे सारे एकट्याने शिकता येत नाही, म्हणून क्लब हवा. क्लब निवडताना जर्सी किंवा नाव पाहू नये. रविवारच्या राइडला एकदा जाऊन बघावे: नवख्या मुलाला मागे टाकून सगळे निघून जातात की कोणीतरी त्याच्यासोबत थांबते, हेल्मेटशिवाय आलेल्याला परत पाठवतात की नाही, मुलींसाठी सोबत आणि कपडे बदलण्याची सोय आहे की नाही. प्रशिक्षकाला 'पुढच्या वर्षभरात तुम्ही माझ्या मुलीकडून काय करून घ्याल?' असे पालकांनी सरळ विचारावे. महिन्याभरात पदकाचे आश्वासन देणाऱ्यापासून दूर राहावे.

आठवड्याचा सराव

पहिल्या वर्षी आठवड्यातून चार दिवस पुरे. त्यातले दोन दिवस तासभर, सोबत्याशी पूर्ण वाक्यात बोलता येईल अशा गतीने चालवावे. एक दिवस जोराचा असावा: नीट अंग तापल्यावर तीन मिनिटे दमदार, तीन मिनिटे हलके, असे चार-पाच वेळा. रविवारी लांब राइड, सुरुवातीला तीस किलोमीटर आणि काही महिन्यांत पन्नास-साठपर्यंत. दर आठवड्याला एकूण वेळ दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नये आणि दर चौथा आठवडा हलका ठेवावा. जड गिअर लावून रेटत बसण्यापेक्षा मिनिटाला ८५ ते ९५ पेडल मारण्याची सवय लावावी. वाढत्या गुडघ्यांना ती मानवते. पेडलवरचा जोर मोजणाऱ्या पॉवर मीटरची गरज या टप्प्यावर नाही. साधी वही ठेवावी आणि तीत अंतर, वेळ, झोप आणि 'आज कसे वाटले' एवढे रोज लिहावे.

जागा निवडताना रहदारीचा विचार सर्वांत आधी करावा. पुण्यात पानशेतचा रस्ता किंवा दिवेघाट, कोल्हापुरात जोतिबा-पन्हाळ्याचा चढ सकाळी लवकर गाठावा, एकट्याने नव्हे, आणि मागे लाल दिवा लावूनच. द्रुतगती मार्गावर सायकल नेण्यास बंदी आहे. इअरफोन घालून रस्त्यावर सराव करू नये. मागून येणाऱ्या ट्रकचा आवाज हीच अनेकदा एकमेव सूचना असते.

घाटात चढताना सगळ्यांत मोठी चूक पहिल्या वळणापर्यंतच होते: उत्साहात सुटलेला मुलगा तिथेच धापा टाकू लागतो. निम्मा चढ होईपर्यंत आपल्याला अजून जोर आहे असे वाटायला हवे. उतार मात्र वेगळा शिकावा लागतो. हात हँडलच्या खालच्या वळणात, ब्रेक वळणाच्या आधी दोन्ही मिळून, पुढचा थोडा जास्त. वळणात शिरताना बाहेरच्या बाजूचा पाय खाली आणि त्यावर भार, नजर वळण संपते तिथे. वळणाच्या मध्यावर घाबरून ब्रेक दाबला की चाक घसरते. पावसाळ्यात पहिल्या सरींनी ओला झालेला रस्ता तेलकट असतो, तेव्हा घाटातला सराव सरळ रद्द करावा.

खाण्यापिण्यासाठी परदेशी पाकिटे नकोत. राइडच्या दोन तास आधी पोहे किंवा भाकरी-भाजी, तासाहून जास्त चालवायचे असेल तर खिशात केळे, खजूर किंवा राजगिऱ्याचा लाडू, आणि बाटलीत लिंबू, मीठ, साखरेचे पाणी. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा मिनिटांनी घोट घ्यावा. घरी परतल्यावर अर्ध्या तासात दूध, अंडी, उसळ यांपैकी काहीतरी पोटात जावे. वजन कमी करण्याच्या नादात जेवण तोडणे या वयात धोक्याचे आहे. वाढही खुंटते आणि हाडेही कमजोर होतात. मुलींमध्ये पाळी अनियमित झाली किंवा नेहमीच्या चढावर विनाकारण दम लागू लागला, तर डॉक्टरांना दाखवून हिमोग्लोबिन तपासावे. रात्री आठ-नऊ तास झोप हा सरावाचाच भाग समजावा.

जिम किंवा दुकानातून कोणी देऊ केलेली पावडर, गोळी, इंजेक्शन घेऊ नये. उत्तेजक चाचणी राष्ट्रीय स्पर्धांत होते आणि शरीरात काय सापडले याची जबाबदारी खेळाडूचीच धरली जाते; 'सरांनी दिले' हे उत्तर तिथे चालत नाही. सर्दी-दम्याचे औषधसुद्धा डॉक्टरांना आपण खेळाडू असल्याचे सांगूनच घ्यावे.

पहिली शर्यत

पहिली शर्यत शक्यतो टाइम ट्रायल असावी, कारण तिच्यात घोळक्याची भीती नसते. आदल्या दिवशी चेन साफ करून, ब्रेक तपासून, नंबर आधीच पिनांनी घट्ट लावून ठेवावा. फडफडणारा नंबर विचलित करतो. सुटण्याच्या वेळेआधी चाळीस मिनिटे अंग तापवायला सुरुवात करावी. रेषेवर एक पंच मागून सीट धरतो, दोन्ही पाय पेडलवर अडकवलेले असतात आणि सायकल जागच्या जागी किंचित डोलते. समोरचा पंच पाच बोटे दाखवतो आणि एकेक मिटत जातो. शेवटचे बोट मिटताच मागचा हात नुसता सुटतो, ढकलत नाही. म्हणून आधीच योग्य गिअर लावलेला हवा. जड गिअरवर सुटणाऱ्याचे पहिले दहा सेकंद वाया जातात. पहिल्या किलोमीटरला मुद्दाम हात राखून चालवावे आणि शेवटच्या तिसऱ्या हिश्शात सर्वस्व ओतावे.

मास स्टार्टमध्ये पहिल्यांदा उतरताना एकच उद्दिष्ट ठेवावे: मुख्य घोळक्यात टिकून शेवटपर्यंत पोहोचणे. सुटताना मधल्या फळीत राहावे, अगदी शेवटी नाही, कारण शेवटच्यांना प्रत्येक वळणानंतर तुटलेले अंतर भरून काढावे लागते. पहिल्या दहा मिनिटांत कोणी एकटा पुढे पळाला, तर त्याच्या मागे धावू नये. चढ येण्याआधी हळूहळू पुढे सरकून घ्यावे, म्हणजे चढावर थोडे मागे सरकलो तरी घोळका सुटत नाही. शेवटच्या दोनशे मीटरमध्ये सरळ रेषा सोडणे नियमबाह्य आणि धोकादायक आहे. पंक्चर झाले, तर हात वर करून कडेला यावे. पडल्यावर हेल्मेटला तडा गेला असेल, तर ते पुन्हा वापरू नये आणि डोक्याला मार बसला असल्यास त्या दिवशी पुन्हा सायकलवर बसू नये.

राज्य किंवा राष्ट्रीय स्तरावर नियमांत बसणारी कामगिरी झाली, तर दहावी-बारावीला क्रीडा सवलतीचे गुण मिळू शकतात. त्यासाठी प्रमाणपत्रांसह प्रस्ताव शाळेमार्फत मुदतीत जावा लागतो, म्हणून मूळ प्रमाणपत्र हातात आल्या दिवशीच त्याच्या साक्षांकित प्रती काढून ठेवाव्यात. बोर्डाच्या परीक्षेच्या वर्षी सराव पूर्ण थांबवण्याऐवजी तो आठवड्याला तीन दिवस, पाऊण-पाऊण तासावर आणावा आणि हे प्रशिक्षकांना जूनमध्येच सांगावे, म्हणजे फेब्रुवारीत कोणाचा अपेक्षाभंग होत नाही. परीक्षा संपल्यावर पहिले तीन आठवडे फक्त सोप्या गतीने चालवावे. एप्रिल-मे महिन्यांत ऊन चढण्याआधी, सकाळी साडेपाचला निघून आठच्या आत घरी यावे. जोराचा सराव ते तीन आठवडे सरल्यावरच पुन्हा सुरू करावा.